घोंगडीची जाडी

घाटनांदूरच्या अलीकडं डोंगराच्या उतरणीला आमचं वावर आहे. तिथं मेंढरांचा वाडा आणि जरा खालती कडुनिंबाखाली आमचा बिरोबा. देऊळ नाही. कमरेएवढा मातीचा उंचवटा आणि त्यावर भंडारा लावलेला दगड. माझ्या आज्यानं बसवलेला. नवं घर याच वावरात बांधायचं ठरलं तेव्हा मी एकच सांगितलं, देवाला धक्का लागता कामा नये.

नकाशा माझी नात काढणार होती. लेकीची लेक. बीडला एका इंजिनिअरच्या हापिसात ती कॉम्प्युटरवर घरं काढते. आधी तिनं मोजणीवाला पाठवला. त्याच्या हातात माणसापेक्षा उंच काठी, काठीच्या डोक्यावर पांढरं मशीन, खाली लोखंडी टोक. थोड्या थोड्या अंतरावर टोक जमिनीला टेकवून थांबायचा, मशीन टुईं करायचं. तेवढ्यात त्या जागेची उंची त्यात जमा. असं करत कडुनिंबाजवळ आला तसा मी आडवा आलो.

“बूट काढ.”

“काढतो की काका.” काढले त्यानं.

“आन् ही काठी?”

“काठी टेकवल्याबिगर उंची कशी येणार?”

“देवाच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई. आमच्यात चालत न्हाई.”

“टोचत न्हाई ओ. नुसतं टेकवतो.”

“तुझ्या टाळक्यावर टेकवू का बे, नुसतं?”

तो हसला, बूट घातले आणि झाडाला वळसा घालून पुढं गेला. देव राखला म्हणून मी खुश.

पुढं नात आली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावर आमचं वावर उभं होतं, सगळं तिकोनातिकोनांचं. मोजलेले ठिपके एकमेकांना जोडले की तिकोन होतात आणि जमिनीचा चढउतार दिसतो, असं तिनं सांगितलं. दिसत होता खरा. ओढा मी लगेच ओळखला, बांधसुद्धा. मधी तिनं घर ठेवलेलं.

“बिरोबा कुठाय?”

तिनं वाड्याच्या वरती बोट दाखवलं. मी खाली कडुनिंबाच्या जागेवर माझं बोट ठेवलं. तिथली जमीन परातीसारखी सपाट आणि वर घराचा कोपरा.

“हितं हाय बिरोबा. आन् हे काय काढलंस?”

“स्वयंपाकघर,” ती हळूच म्हणाली.

“देवाच्या डोक्यावर चूल मांडलीस व्हय गं?”

“आबा, या जाग्याचा एकबी ठिपका न्हाई. मग कॉम्प्युटर अलीकडचा ठिपका पलीकडच्याला जोडून मोकळा होतो. मधी काय हाय त्याला काय ठावं? मी अंदाजानं देव वर धरला. ठिपके तुमीच घेऊ दिले न्हाईत म्हणं.”

माझं चुकलं असं मला वाटलं नाही, अजून वाटत नाही. लोखंड ते लोखंड. मी म्हटलं, असं घर बांधलं तर मी त्यात पाऊल टाकणार नाही.

आतून माझी म्हातारी म्हणाली, “मग ऱ्हावा मेंढरांत. वास तसाबी त्यांचाच येतो.”

“घर सरकवते मी,” नात म्हणाली, “पण उंचवटा कुठून कुठवर हाय हे कळल्याबिगर सरकवू कुठं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नातीला म्हटलं, बोलव त्या मोजणीवाल्याला.

तो आला तशी काठी मीच हातात घेतली. पायातलं काढलं. खांद्यावरच्या घोंगडीची घडी घातली, ती उंचवट्यावर ठेवली आणि टोक तिच्यावर टेकवलं. लोखंड घोंगडीला लागलं, देवाला नाही. अशी उंचवट्याभोवती घडी सरकवत गेलो.

“काका, घोंगडीची जाडी वजा करावी लागंल.”

“कर की. मी काय तुझा हात धरलाय?”

मग त्यानं टेपानं घडी मोजली.

नव्या नकाशात कडुनिंबाखाली लहानसं टेकाड उठलं. घर खाली ओढ्याच्या अंगाला गेलं. नात पडद्याकडं बघत म्हणाली, “माथ्याच्या ठिपक्यातून घोंगडी वजा करायची राहिली. देव दोन बोटं उंच आलाय.”

“ऱ्हाऊ दे.”

“चूक हाय ती, आबा.”

“देव हाय तो. ऱ्हाऊ दे म्हणतो ना.”

माझ्यादेखत तिनं तो खाली घेतला. एवढी हट्टी पोरगी कुणावर गेली काय माहीत.

पायाच्या आखणीच्या दिवशी पांढऱ्या फक्कीची रेघ बिरोबापासून चांगली लांबून गेली. मी तिच्या कडेनं पुरा एक फेरा मारला आणि म्हातारीला सांगितलं, राहीन मी घरात.

“आंघोळ करून या मग,” ती म्हणाली.