गिल्बर्ट अंकलच्या कानातली चेन

मरोळच्या गावठाणात गिल्बर्ट अंकलचं कौलारू घर होतं आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. आम्ही म्हणजे मी, वनमाला, आणि माझा नवरा नंदू. नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. सासूबाईंना ते कधी रुचलं नाही, पण सासूबाई मालवणात आणि मी मरोळला, त्यामुळे निभावलं. गिरणीच्या संपानंतर नंदूने जुनी अँबॅसिडर घेतली आणि तिच्यावर टुरिस्टची भाडी मारू लागला. डॅशबोर्डवर गणपती, आणि त्याच्यापुढे सासूबाईंनी गावाहून पाठवलेली पितळी घंटा. गाडी रात्री चिंचेखाली, अंकलच्या झोपायच्या खिडकीला अगदी लागून उभी असायची.

अंकलचं गॅरेज अंधेरी-कुर्ला रोडवर होतं. गॅरेज कसलं, चार खांब आणि वर पत्रे. पण लांबलांबून गाड्या यायच्या, त्या त्यांच्या कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग एकच वाक्य. "वॉटर पंपाचं बेअरिंग." खोलून बघावं तर तेच निघायचं. माणूस मात्र तापट. गिऱ्हाइकाने मध्येच तोंड उघडलं की म्हणायचे, "एकतर तू बोल, नायतर गाडीला बोलू दे. दोघं एका टायमाला नको."

त्या वर्षी, साल चौऱ्याऐंशी असावं, पावसाळ्याच्या शेवटी अंकलना मलेरिया झाला. त्या कडू गोळ्यांनी त्यांचे कान काही दिवस गुणगुणत राहिले. मग थांबले. माणूस गॅरेजात जायला लागला, सगळं जागेवर आलं. आणि एका सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना खडखड ऐकू आली. पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तशी. ते उठून बाहेर आले, तर नंदूची गाडी मांजरासारखी शांत गुरगुरत उभी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आता मला जे मागाहून कळलं ते आधीच सांगते. अँबॅसिडरच्या इंजिनात पुढच्या अंगाला, पत्र्याच्या कव्हराआड, टायमिंग चेन असते. चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे आणि वेळेवर मिटायचे, हे तिच्यामुळे होतं. ती सैल पडू नये म्हणून रबरी गादीचा एक टेन्शनर तिला दाबून धरतो. गाडी म्हातारी झाली की गादी झिजते, चेन लांबते. मग सकाळी थंड इंजिन चालू केलं की तेलाचा दाब चढेपर्यंत ती सैल चेन कव्हरावर आपटते. तेल पोचलं की गप्प. दोष गाडीचा नव्हे, वयाचा.

अंकलना हे पाठ होतं. त्यांना पहिला संशय चेनचाच आला. त्यांनी नंदूला विचारलं, "सकाळी स्टार्ट करतोस तवा खडखड येते ना रे?"

"कसली खडखड? गाडी झकास आहे, अंकल."

त्यांनी जोसेफीन आंटीला विचारलं. आंटी त्या वेळी चहा ठेवत असायच्या आणि त्यांचा पंपाचा स्टोव्ह असा फुरफुरायचा की शेजारी तोफ उडाली तरी पत्ता लागला नसता. त्यांनी मान हलवली. मग मला विचारलं. मी त्या वेळी नळावर, बादल्यांच्या आणि बायकांच्या गदारोळात. मीही नाही म्हटलं.

तीन माणसं नाही म्हणाली आणि अंकल गप्प झाले. त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी नसलेले आवाज कानात, मग हळूहळू ठार बहिरे. शेवटी शेवटी ते घरातल्यांच्या ओठांकडे बघत बसायचे. कानावर पोट असलेल्या माणसाला आणखी काय आठवणार?

"डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले. दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला हा माणूस कधी कचरला नाही, पण स्वतःच्या कानाचं बॉनेट उघडायचं म्हटल्यावर दवाखान्याची वाट धरेना. पुढे तर आलेल्या गाड्या ते दुसऱ्या गॅरेजात धाडू लागले. एका दुपारी आंटी माझ्या दारात येऊन रडल्या. "नाताळ झाला का गॅरेज बंद करतो बोलतोय गं. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला घाबरतोय." मला फार वाईट वाटलं. त्या माणसाचा आरडाओरडा मला कधी आवडला नव्हता, पण त्याचं ते गप्प बसणं त्याहून वाईट होतं.

अशात गावाहून तार आली. नंदूचे चुलत चुलते वारले. आम्हाला सुतक लागलं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून मी गाडीतली घंटा काढून फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. भाडं मात्र आधीच ठरलेलं होतं, तेव्हा नंदू सकाळी गाडीत बसला आणि किल्ली फिरवली.

इथे माझ्या नवऱ्याची एक हुशारी सांगायला हवी. इंजिन गरम होईपर्यंत नुसतं कशाला बसायचं, म्हणून तो रोज किल्ली फिरवता फिरवताच दुसऱ्या हाताने घंटा वाजवायला लागायचा. उदबत्ती, घंटा, नमस्कार, तोवर गाडी तयार. देवाचंही झालं आणि वेळही वाचला. घंटा अशी की देवळात टांगावी. अंकलच्या तयार कानाला तिच्यातूनही चेन वेगळी ऐकू यायची. आमच्या नंदूला ऐकू यायचा फक्त देव.

त्या सकाळी घंटा नव्हती. खडखडखडखड! नंदू दार उघडून असा उडी मारून बाहेर आला की मला वाटलं गाडीत साप निघाला. घाबरला की तो थेट मालवणात पोचतो.

"अंकल! आवाज इलो! माका आवाज इलो!"

अंकल बनियनवरच धावत आले. "काय ऐकलंस? परत बोल."

"खडखड! पुढच्या बाजूने. आता थांबली."

"नक्की ऐकलंस?"

"आईशप्पथ, अंकल!"

अंकल पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आंटी स्टोव्ह तसाच सोडून आल्या. मग अंकलनी मान वर केली, रिकाम्या डॅशबोर्डकडे बघितलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "गाढवा! घंटा वाजवीत होतास होय रे!" कितीतरी दिवसांनी ते ओरडले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नंदूने ते भाडं मित्राला दिलं आणि अंकलनी चिंचेखालीच इंजिन खोललं. रेडिएटर काढला, पुली काढली, दुपारपर्यंत कव्हर हातात आलं. आतून ते चेनने घासून घासून चकचकीत झालं होतं. चेन लोंबत होती आणि टेन्शनरच्या रबरात खोल चर पडले होते.

"वाट लागली," नंदू कपाळाला हात लावून म्हणाला.

अंकल मात्र ती काळी चेन उन्हात धरून लहान पोरासारखे हसत होते. ते हसता हसता रडायला लागले आणि तेलकट हातांनीच नंदूला मिठी मारायला गेले.

नंदू मागे सरला. "अंकल, शिवू नका. सुतक आहे माझं."

"मना काय देवळात जायाचं हाय?" अंकल म्हणाले आणि त्याला घट्ट धरलं. "मी गॅरेजात जातोय."

नवी चेन, नवा टेन्शनर बसला. दुसऱ्या सकाळी आंटीने स्टोव्ह पेटवला नाही, मी नळावर गेले नाही. नंदूने किल्ली फिरवली. अंकल कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून, डोळे मिटून वाकले होते.

"काय ऐकू येतंय?" आंटीने दबकत विचारलं.

"काय नाय," अंकल म्हणाले. "चेनचा आवाजच नाय!" आणि आंटीने तिथल्या तिथे क्रूसाची खूण केली.

सुतक फिटलं त्या सकाळी मीच घंटा घासूनपुसून गणपतीपुढे ठेवली. नंदूने इतक्या दिवसांची कसर भरून काढत ती वाजवायला घेतली, तसा खिडकीतून आवाज आला, "हळू वाजव रे! मी बहिरा नाय!"