खेप

हावड्याच्या बोटीच्या धक्क्यावर रोज भेटणारे ते आजोबा चहा संपला की मातीचा पेला माझ्या कानाजवळून भिरकावतात. तो हवेत वळून पलीकडच्या पिंपात पडतो. एकदा मी कौतुक केलं, तर म्हणाले, “जवानी में खेप मारते थे।”

मराठी माणसाला खेप म्हटलं की ओझं दिसतं. मी हळहळून विचारलं, “फिर तो पीठ दुखती होगी?”

ते इतके हसले की आमची बोट चुकली. इथे खेप म्हणजे पैसे घेऊन कुणाच्याही टीममधून खेळणं. हे भाड्याचे बोलर होते. सकाळी बेहाला मोहल्ल्याकडून खेळायचे, दुपारी नाव बदलून, मिशी चिकटवून बेहालाच्याच दांड्या उडवायचे.

पुढच्या बोटीत बसल्यावर मी त्यांचं नाव विचारलं.

“कौन मुहल्लेवाला बोलूँ?”