आतोबांची घोडेवाली

आमच्या आतोबांइतका उलटा माणूस कऱ्हाडात दुसरा झाला नसेल. फौजेतून परतताना लोक ट्रंक आणि मिशा घेऊन येतात. आतोबा क्लबच्या लिलावातला गोळ्यांचा खेळ घेऊन आले. टेबलाएवढं यंत्र. चाप ओढून सोडला की लोखंडी गोळी घंट्या वाजवत वर जायची आणि खेळणाऱ्याचा पोपट करून खाली यायची. डोक्याशी उभी काच, तिच्यामागं दिवे, आणि काचेवर, मागच्या बाजूनं रंगवलेली, धावत्या घोड्याच्या पाठीवर उभी राहिलेली सर्कसवाली. स्टँडाजवळच्या त्यांच्या हॉटेलात लोक चहाच्या निमित्तानं येत आणि गोळी मारून जात.

पुढं दिव्यांच्या उष्णतेनं काचेमागचा रंग पोपडे धरू लागला आणि आतोबांचा तोल गेला. यंत्राजवळ तपकीर ओढायला बंदी झाली. एका शिंकेत घोड्याचा कान जाईल म्हणे. पंखा बंद. मोठ्यानं हसणाऱ्या गवळ्याचा चहा त्यांनी उचलून बाहेरच्या बाकावर ठेवला. "हसा की, पर रस्त्यावर हसा," ते शांतपणे म्हणाले. सुटू लागलेला पोपडा ते कुंचल्याच्या टोकानं अलगद बसवत. त्यावर वॉर्निशचा हात फिरवण्याआधी तेच वॉर्निश काचेच्या कोपऱ्यात लावून आठवडाभर वाट पाहत, न जाणो रंगच विरघळायचा. जावई निवडताना त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

तरी एके दिवशी सर्कसवालीच्या चेहऱ्याचा भुगा झालाच. सांगलीहून सिनेमाचे बोर्ड रंगवणारा पेंटर आला. एखादी नटी काढून देतो म्हणाला.

"आमची बाई नटी न्हाई," आतोबा म्हणाले. "घोड्यावर हाय ती."

मग चेहरा कसा होता, हे ते गिऱ्हाइकांना विचारू लागले. कुणी म्हणालं हसरी होती, कुणी म्हणालं रडवेली. एकानं तर तिला नथही घातली. आमची आत्या त्या यंत्राला उघडपणे सवत म्हणायची. ती हात पुसत आतून आली.

"आवं, हसत न्हवती ती. तोंड मिटलेलं हुतं. पडायचं भ्या वाटतंय, पर सांगायचं न्हाई कुणाला, असं."

रोज सकाळी ती काच आत्याच पुसत होती, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काच काढून टेबलावर उभी केली. पुढं सांगायला आत्या, मागं कुंचला घेऊन आतोबा. मागून रंगवायचं म्हणजे सगळंच उलटं: आधी बुबुळ, मग डोळा, शेवटी गाल.

"जरा डावीकडं."

"तुझ्या का माझ्या?"

या एका प्रश्नावर त्यांच्या कित्येक दुपारी गेल्या. पण चेहरा उतरला. वॉर्निश वाळलं, काच जागेवर बसली, आणि आतोबांनी यंत्रातले सगळे दिवे काढून टाकले. पुन्हा उष्णता नको.

अंधाऱ्या यंत्राकडं कोण फिरकणार? पोरं येईनाशी झाली. आतोबांनी त्यावर चादर घातली. एका संध्याकाळी हॉटेलात मी एकटाच गिऱ्हाईक होतो. आत्यानं चादर ओढून काढली.

"लावा दिवं."

"रंग सुटंल."

"सुटंल तर लावू परत. तुमी हाय, मी हाय."

आतोबा काढून ठेवलेले दिवे घेऊन आले. मग एकेक दिवा बसवत गेले. घोडेवाली उजळली. आत्यानं पदराला हात पुसला आणि जन्मात पहिल्यांदा तो चाप ओढला. गोळी एकही घंटा न वाजवता सरळ खाली आली.

"संपलं व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई," आतोबा म्हणाले. "आजून एक गोळी हाय."