कार्डांवरची तिरपी रेघ

माही नात घरी बसूनच नोकरी करते. पायथन म्हणून काई तरी आहे, त्याच्यात मशीनले काय करायचं ते लिहून देते. परवा मी तिच्या बाजूले मेथी निवडत बसली होती तं म्हणे, "आजी, नवीन पायथनात मस्त सोय आली वं. चुकलं का आता मशीन निस्तं चुकलं म्हणून सोडत नाई. कुठी चुकलं, बरोब्बर त्याच्या खाली खूण करून दाखवते."

मी म्हटलं, "अन् आत टाकलेले आकडेच मागंपुढं झाले असन तं?"

ती माह्या तोंडाकडे पाहाले लागली. "ते नाई समजत त्याले," म्हणे. "म्हणून आम्ही पहिले आत काय गेलं तेच पाहून घेतो. पण तुले हे कोणं सांगतलं?"

मी मेथीच्या काड्या उचलल्या अन् अंदर गेली. तिले तवा सांगतलं नाई. आता तुमाले सांगतो.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. नवरा मिलमध्ये होता, त्याच्या छातीत कापूस बसला अन् तो खाटेवर पडला. तीन लेकरं. आमची खोली लकडगंजच्या मागं, आरागिरणीचा भुसा आणाचा अन् शेगडी पेटवाची, असं आमचं चाले. मले एका सरकारी हापिसात झाडू-पोछ्याचं काम भेटलं. रोजंदारीवर. पक्की करू म्हणत होते, पण करत नव्हते.

त्या हापिसात मशीनची खोली होती. बाहेर वैशाखाचं ऊन, डांबर चपलेले चिकटे, अन् त्या खोलीत बाया शाल पांघरून बसत. चपला बाहेर काढाच्या. बाया पंचच्या मशीनवर खटखट खटखट कार्डाले भोकं पाडत. पिवळट जाड कागदाचं लांबट कार्ड, भोकात आकडे राहत. कार्डांचा गठ्ठा मशीनच्या तोंडात ठेवला का ती फर्रर्र करून गिळे. बिघडलेली कार्डं टोपलीत टाकत, ती मी घरी नेत होती शेगडी पेटवाले. टेबलावरच्या कोणत्याच वस्तूले हात लावाचा नाई, हे मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं.

तिथं एक नवीन साहेब आला होता. साहेब कायचा, पंचवीसेक वर्साचा पोरगा. भंडाऱ्याकडच्या खेड्यातला, आमच्याच समाजाचा. त्याच्या घरात त्याच्या आधी कोणी शाळा पाहिली नव्हती. मले मावशी म्हणे. बाकीचे 'ए बाई' म्हणत. त्याची नोकरी कच्ची होती. धरणाचं पाणी कोणत्या कालव्याले किती सोडाचं, याचा हिशोब मशीननं करून दाखवाचा होता. चार महिन्यांत झाला तं नोकरी पक्की, नाई तं घरी.

एक दिवस सकाळी मी झाडून राहिली होती. हापिस अजून भराचं होतं. झाडणीचा दांडा त्याच्या टेबलाले लागला अन् काठावरचा लहान गठ्ठा खाली पडला. रबर निघालं अन् कार्डं फरशीवर पसरली. तीसेक असतीन.

मी दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मी पाहून ठेवलं होतं, हरेक कार्डाचा एक कोपरा कापलेला राहते अन् बाया सारे कोपरे एका बाजूले करतात. मंग मी खाली बसली, एकेक कार्ड उचललं, कोपऱ्यावर कोपरा बसवला, टेबलावर ठोकून काठ सारखे केले, रबर चढवलं. पाहिलं तं होतं तसंच. मले वाटलं, झालं. कोणाले सांगतलं नाई.

त्याचा मशीनवर नंबर आठ दिवसातून एकदा लागे. नंबर लागला. मशीन चालली, कागद निघाले, अन् हिशोब असा आला का कोरड्या नाल्याले धरणभर पाणी अन् मोठ्या कालव्याले चुळभर. तो हसला. म्हणे, कुठी तरी चुकलो. दुसऱ्या आठवड्यात तसंच. तिसऱ्या आठवड्यात तो हसत नव्हता. मी सकाळी जाओ तं तो माह्या आधीच येऊन बसलेला, लांब कागद टेबलावरून फरशीपर्यंत लोंबत, अन् तो एकेक ओळ बोटानं वाचून राहिला. डब्बा तसाच. मी म्हटलं, "जेवा ना गा भाऊ, डब्बा तं आंबून जाईन."

तो म्हणे, "मशीन खोटं बोलत नाई मावशी. चूक माहीच आहे. मले दिसून नाई राहिली."

त्याच दिवशी दुपारी मी मटक्यात पाणी भरत होती. पंचवाल्या बाया जेवत होत्या. त्यातली सगळ्यात जुनी बाई दुसरीवर खेकसली, "त्या गठ्ठ्याले हात नोको लावू वं! मशीन कार्डावरचं नाव वाचत नाई. पहिलं कार्ड पहिला कालवा, दुसरं दुसरा. एक इकडचं तिकडं झालं का सारं पाणी भलतीकडे."

माह्या हातातला गडवा मटक्यात पडला.

मंग मले समजलं. तो मशीनले काय कराचं ते लिहिलेलंच तपासत होता. आकड्यांच्या कार्डाकडे, म्हणजे मी पाडलेल्या गठ्ठ्याकडे, त्यानं पाहिलंच नव्हतं, कारण ती बायांनी दोनदा तपासून देली होती. महिनाभर वेळ होता अजून. मी त्याच्या टेबलापाशी जाऊन दोन शब्द बोलली असती तं तो वाचला असता. अन् हात लावला म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरी बसली असती. घरी खाट होती अन् तीन तोंडं होती. मी रोज ठरवो, आज सांगतो. रोज झाडून घरी जाओ.

एक दिवस मोठा साहेब त्याच्या टेबलापाशी आला. मी तिथंच खाली पोछा मारत होती. मोठा साहेब बाजूच्याले म्हणे, "तरी मी सांगत होतो. या लोकांले खुर्ची देता येते, डोकं कुठून देणार?" बाजूचा हसला. पोरगा मान खाली घालून कागद वाचत राहिला. मी पोछा पिळला. फडक्यातलं पाणी संपलं तरी पिळतच राहिली. 

चार महिने भरले. काम दुसऱ्याले देलं. शेवटच्या दिवशी सकाळी मी गेली तं तो आलेला होता. टेबल साफ. समोर तोच लहान गठ्ठा, एक कागद अन् पेन्शिल. मले पाहून उठला. गठ्ठा माह्या हातात देला अन् म्हणे, "मावशी, हे घेऊन जा. शेगडीत घाला."

मी म्हटलं, "भाऊ..."

तो म्हणे, "असू द्या."

खोलीबाहेर जाऊन त्यानं चपला घातल्या. मंग मागं वळून म्हणे, "तुमचा पक्कीचा अर्ज साहेबाच्या टेबलावर आहे. पाठपुरावा करा." अन् गेला.

मी तो गठ्ठा जाळला नाई. माह्यानं जाळवला नाई. पेटीत लुगड्याखाली ठेवला. मी पक्की झाली. नवरा पुढच्या साली गेला, पण लेकरं शिकली.

त्याच्या जागी कोणी बसलं नाई बरेच दिवस. मी झाडाले जाओ तं त्याची खुर्ची टेबलापासून सरकलेली राहे, कोणी आताच उठून गेल्यावानी. मी अंदर सरकवो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकलेली. पंचवाल्या बाया खिडकी लावाले खुर्ची ओढत असतीन, मले ठाऊक होतं. तरी मी तिथं झाडताना खाली पाहूनच झाडत होती. खोलीतली थंडी तिथं जास्त लागे.

मंग एक नवीन पोरगी पंचवर आली. जुनी बाई तिले शिकवत होती. गठ्ठ्याच्या वरच्या काठावर तिनं पेन्शिलीनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली. म्हणे, "हे पहिले करजो. गठ्ठा पडला तं कार्डं लावताना रेघ जुळव. रेघ सरळ आली का समज बरोबर लागली. तुटक दिसली का गडबड."

मी घरी येऊन पहिले पेटी उघडली. गठ्ठा काढला. वरच्या काठावर रेघ होती. मी कोपरे जुळवले त्या दिवशी नव्हती, मी काठ सारखे केले होते, मले दिसली असती. अन् रेघ सरळ होती. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, कुठीच तुटलेली नाई.

म्हणजे त्यानं कार्डं नीट लावली होती. त्याले सापडलं होतं, पण तवा काम हातातून गेलं होतं. गठ्ठा पडला होता, हे त्याले समजलं होतं, अन् सकाळी त्या खोलीत कोण एकटं राहते, हेही त्याले ठाऊक होतं. त्यानं साहेबाले सांगतलं असतं तं त्याचा काळा डाग पुसला असता. त्यानं रेघ ओढली अन् गठ्ठा माह्या हातात देला.

त्यानंतर तो मले कधी दिसला नाई. भंडाऱ्याकडचं कोणी भेटलं का मी विचारो. कोणाले माहीत नाई.

नातीले मी हे काल सांगतलं. पेटी काढाले लावली. तिनं गठ्ठा उजेडात धरून पाहिला, बोट फिरवलं त्या रेघेवर.  मंग म्हणे, "आजी, त्याले असंही वाटलं असन का आपल्याच हातून पडला. तुह्यावर त्याचा संशयही नसन."

"मंग 'असू द्या' काहून म्हणे तो?"

तिनं गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. म्हणे, "यातलं एक कार्ड दे ना मले. माह्या संगं काम करणाऱ्या पोरींले दाखवतो, पहिले असं काम चाले म्हणून."

मी गठ्ठा तिच्या हातातून घेतला. रबर कवाच विरलं होतं, आता सुतळी बांधली आहे. ती पुन्हा आवळली.

"नाई बाई," म्हटलं. "मधातलं एक काढलं तं रेघ तुटते."