सूर्य नसलेल्या गावचं एकासणं

माझ्या सासूबाई कंचनबाई यांना जाऊन माघात वर्ष झालं. त्यांना घड्याळ कधी लागलंच नाही. मंचरच्या आमच्या कापडाच्या दुकानात त्या गल्ल्यामागे बसायच्या आणि समोरच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन किती उरलंय ते बघून सांगायच्या, "वीस मिनिटं हायेत. ताटं घ्या." सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. हा आम्हा जैनांचा चौविहार त्यांनी वयाच्या नवव्या वर्षापासून पाळलेला. आमचं घराणं मूळचं राजस्थानचं असलं तरी त्यांचा जन्म पठारावरच्या आणे गावचा, वडिलांचं तिथं किराणा दुकान. त्यामुळे बोलणं थेट पठारावरचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, टाकीवरचं ऊन संपत आलं की मापायला घेतलेलं कापड तसंच टाकून त्या उठायच्या. गिऱ्हाइकंही मुकाट बसून राहायची. मी पुण्यात वाढलेली. मला या सगळ्याचं हसू यायचं.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मी आणि माझा नवरा पीयूष, दोघांनी नोकऱ्या सोडल्या, पाठीवर एकेक सॅक घेतली आणि सव्वा वर्षासाठी जग बघायला निघालो. सासरे, धरमचंद, आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मम्मींनी, मात्र खाकऱ्यांचे डबे भरून दिले आणि एकच गोष्ट मागितली. "कुठंबी जा, पन चौविहार मोडू नका. पाळाल ना?"

"पाळू, मम्मी," पीयूष म्हणाला.

हनोईत दुसऱ्याच दिवशी रात्री आठ वाजता आम्ही फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर बसून नूडल्स खाल्ल्या. फार चविष्ट होत्या आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

प्रवास सुंदर झाला, खोटं कशाला बोलू? तिबिलिसीतल्या लाकडी गॅलऱ्या, कॉकेशसच्या पायवाटेवर तासभर आमच्या मागे चालत आलेली ती आगाऊ घोडी, लिस्बनच्या चढांवर धापा टाकत केलेली कडाक्याची भांडणं, सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. आणि रोज मंचरहून येणारा फोन. सासऱ्यांनी राग सोडून एक काम अंगावर घेतलं होतं. आम्ही असू त्या गावाचा सूर्यास्त ते मोबाइलवर बघायचे आणि मम्मींना सांगायचे. मग मम्मी विचारायच्या, "काल सव्वासातला मावळला म्हनं तिकडं. त्याच्या आत जेवलात ना?" आम्ही एका सुरात हो म्हणायचो. सवय झाली की खोटं बोलायला काही कष्ट पडत नाहीत.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रॉम्सोला गेलो. एका बाईची दोन मांजरं सांभाळायची आणि त्या बदल्यात तिच्या घरात राहायचं. तिथं नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. दुपारी डोंगरांमागे थोडं निळसर उजाडतं, तेवढंच. सासऱ्यांच्या मोबाइलने हात टेकले.

"पीयूष, ह्यांना तुमच्या गावचा सूर्यास्तच सापडंना," मम्मी फोनवर म्हणाल्या.

"कसा सापडेल? इथं सूर्य उगवतच नाही!" तो हसत होता.

मम्मी म्हणाल्या, "मग तुमी जेवता कधी?"

आमच्यापुढे बटाट्याचं सूप निवत होतं. बटाटाही आम्हाला वर्ज्य, पण ते राहू द्या. मला भूक लागली होती आणि या चौकशीचा कंटाळा आला होता. मी फोन ओढून घेतला. "मम्मी, आम्ही एकासणं करतो. दुपारी थोडं उजाडतं तेव्हा दिवसातून एकदाच जेवतो. पाणीही तेव्हाच."

"किती दिवस?"

"पंधरा जानेवारीपर्यंत."

"लई मोठं तप करताय, बेटा." फोन ठेवल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे लिहिताना मला माझीच शरम वाटते.

मार्चमध्ये परतलो तेव्हा मम्मी वॉकर धरून दारात उभ्या होत्या. "पाय घसरला व्हता," एवढंच बोलल्या. खरं काय ते दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कळलं. आमच्याकडे बारा वर्षं कामाला असलेल्या चिमाबाई भांडी घासता घासता थांबल्या. "तुमाला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातलीया. पन सांगते. पोरं तिकडं अंधारात एक येळ जेवत्यात, मी दोन येळा कशी गिळू, असं म्हनायच्या. दीड महिना एकच येळ जेवल्या बगा. सकाळ-संध्याकाळ शुगरच्या गोळ्या आन पोटात काय न्हाई. संक्रांतीच्या आदल्या दिशी दुकानाच्या पायरीवर चक्कर आली, खुबाच मोडला."

"आम्हाला का नाही कळवलं?"

"म्हनल्या, त्यांच्या तपात इघ्न नको."

जैन स्थानकात गेलो तर बायका माझ्यापुढे हात जोडत होत्या. मम्मींनी सगळ्यांना सांगितलं होतं की सूर्य नसलेल्या गावी माझ्या सुनेनं व्रत मोडलं नाही.

पीयूषला तेव्हाच सगळं सांगून टाकायचं होतं. मी अडवलं. म्हटलं, त्यांना तेवढंच समाधान आहे, ते कशाला काढून घ्यायचं? ऐकायला ते शहाणपणाचं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी ठरलं की संवत्सरीला सांगायचं. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाची 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. त्याहून बरा दिवस कुठला मिळणार?

संवत्सरीला संध्याकाळी मम्मी खाटेवर बसल्या होत्या. समोरच्या टाकीवर अजून ऊन होतं. आम्ही त्यांच्या पायाशी बसलो. पीयूष तोंड उघडणार, तोच त्यांनी आमच्यापुढे हात जोडले.

"आधी मला बोलू द्या. तुमी तिकडं तपात व्हता, तेव्हा तुमच्या जोडीनं मीबी एकासणं धरलं व्हतं. पन दवाखान्यात डॉक्टरनी रातच्याला गोळी दिली आन मी पानी प्याले. दोन घोट. माझ्यामुळं तुमच्या तपात खोट आली. मनात लई सलतंय ते. मिच्छामि दुक्कडम. मला माफ करा, बेटा."

पीयूषने माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्या होकाराची वाट होती. मी मान हलवली. नको.

मम्मी हात जोडून आमच्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"माफ केलं, मम्मी," मी म्हणाले.