चार चाकांवरचा निषेध

हातात दिलेलं पत्रक तुम्ही कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय का? खरं सांगा. की पहिली ओळ वाचून त्यात भजी बांधलीत?

विचारते, कारण मी पत्रकांवरच वाढले. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात मशिनवर होते आणि मशिन बंद झालं की युनियनमध्ये. पत्रकांचा मथळा ते स्वतःच्या हाताने रेखाटत आणि लाल शाईत स्क्रीन-प्रिंटिंगने छापून घेत. शाळेत बाईंनी 'ध धनुष्याचा' शिकवला, तेव्हा मी उभी राहून सांगितलं होतं, "बाई, ध निषेधाचा!"

तर बाबा रिटायर होणार होते. एकतीस वर्षं ते कारखान्याच्या गेटमधून चालत आत गेले आणि उरलेला वेळ गेटबाहेर उभे राहून पत्रकं वाटत राहिले. त्यांची एकच इच्छा होती. शेवटच्या दिवशी, एकदाच, गाडीत बसून त्या गेटमधून आत जायचं. म्हणून मी सेकंडहँड गाडी घेतली. गाडी उत्तम होती. फक्त आधीच्या मालकाने तिची अलॉय चाकं पोपटी रंगवली होती!

बाबांनी गाडीला एक फेरी मारली. मला ते लहानपणापासून 'मित्रा'च म्हणतात.

"मित्रा, या चाकांवर मी जाणार नाही. लोकांना वाटेल, रिटायर होऊन बर्फाचे गोळे विकतोय."

"अगं, गॅरेजवाल्याला दे ना," आई म्हणाली. "एका दिवसात करून देतो तो."

इथे गप्प बसले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी श्रमप्रतिष्ठेवर दहा मिनिटं बोलले. आपल्या गाडीचा रंग आपण आपल्या हाताने काढायचा, वगैरे वगैरे. (हे भाषण मी आदल्या वर्षी एका पत्रकात छापलं होतं. ते कोणीच वाचलं नव्हतं, त्यामुळे आईला ते नवीनच वाटलं.)

शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ दुपारी चारला होता. मी सकाळी आठ वाजता कोपरखैरण्यातल्या आमच्या घरापुढे जॅक लावला. दहापर्यंत गाडी पेव्हर ब्लॉकवर उभी होती आणि चारही चाकं अंगणात पापडांसारखी मांडली होती. पलीकडच्या घरातल्या, मूळच्या बोनकोड्याच्या ठाकूरकाकू कंबरेवर हात ठेवून आल्या.

"काय करतंस गो पोरी? गारीचे पाय कापलंस?"

"रंग काढतेय, काकू."

"ना बापूस जानार कशान?"

"गाडीनेच!"

काकूंनी गाडीकडे पाहिलं, मग चाकांकडे, मग माझ्याकडे. "बरा, बरा," म्हणाल्या आणि खुर्ची आणून बसल्या.

रंग काढायचं केमिकल म्हणजे जेलीसारखा लगदा. हातमोजे घालून ब्रशने फासायचा, रंगाला फोड येतात, मग खरवडायचा. डब्यावर सूचना होती: 'वाळू नये म्हणून प्लास्टिकने झाकून वीस मिनिटं ठेवा.'

प्लास्टिकने! 'प्लास्टिकमुक्त कोपरखैरणे' हे पत्रक कोणी लिहिलं होतं? मी! त्या दिवसापासून आमच्या घरात प्लास्टिकची पिशवी आली की आई ती माझ्यापासून लपवायची. आता मी प्लास्टिक वापरू? शक्य नाही! झाकायचंच आहे ना, मग कागदाने झाकू. दिवाणाखाली जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा होता. तो न बघताच उपसला आणि चारही चाकं व्यवस्थित गुंडाळली. मग 'वीस मिनिटांत आलेच' म्हणून आत गेले आणि बाबांच्या निरोपाचं भाषण लिहायला बसले.

भाषण चांगलं होत गेलं. दीड तास झाला.

बाहेरून काकूंची हाक आली, "गो बाय, तुजे कागद सुकलं!"

धावले. कागद लगद्यासकट कडक झाले होते. ओढले, तर फाटत निघाले आणि त्यांच्याबरोबर पोपटी रंगही सोलून आला. वा! मी आनंदाने चाक धुतलं आणि आनंद तिथेच संपला. उघड्या धातूवर, एकेका पट्टीवर, लालभडक उलटी अक्षरं उमटली होती. केमिकलने पत्रकाची शाई विरघळवून चाकाला दिली होती!

घासलं. थिनर संपेपर्यंत घासलं. शाई गुलाबी होऊन पसरली, गेली नाही. मग चंदेरी स्प्रेचा हात मारला. पाच मिनिटांनी लाल अक्षरं चंदेरीतून हळूच वर आली. दुसरा हात मारला, पुन्हा वर! निषेध दाबला की उसळून येतो, असं मी भाषणांत नेहमी म्हणायचे. प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी.

तेवढ्यात बाबा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. त्यांनी मान वाकडी करून एक चाक वाचलं.

"मनमानीचा निषेध असो," ते म्हणाले. "बोनसच्या लढ्यातलं माझं पत्रक. मित्रा, एखादी प्रत ठेवलीस ना मागे?"

मी ठेवली नव्हती. एकही नाही. बाबा वाकून दुसरं चाक वाचायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आता बस करा," आई म्हणाली. "कारखान्याचे साहेब समारंभाला असणार आहेत. असल्या चाकांवर जाऊन शेवटच्या दिवशी भांडण करणार का?"

"उलटी अक्षरं कोण वाचतंय?" बाबा म्हणाले. "चढव चाकं."

साडेतीनला निघालो. गेटवरच्या वॉचमनने चाकांकडे बघून सलाम ठोकला.

"डिझाइन भारी हाय, ताई! चायनीज का?"

"हो!" मी आणि आई एकदम म्हणालो. बाबा गाडीत बसून गेटच्या आत गेले. मी श्वास सोडला. सुटलो!

मग मी गाडी साहेबांच्या काळ्या, आरशासारख्या चकचकीत गाडीशेजारी लावली.

समारंभ झाला, शाल झाली, रडणं झालं. सगळे आम्हाला पोचवायला गाडीपाशी आले आणि जागीच थांबले. साहेबांच्या गाडीच्या दारात आमचं चाक दिसत होतं. सुलट. पार्किंगच्या भिंतीवरच्या साहेबांच्या नावाच्या पाटीखाली, लाल अक्षरांत: 'मनमानीचा निषेध असो'.

साहेब वाकले. त्यांनी सावकाश वाचलं. आईने डोळे मिटले.

"हा 'ध' ओळखतो मी," साहेब म्हणाले. "माझ्या केबिनच्या दारावर चिकटवला होता तुम्ही. आज शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"साहेब," बाबा म्हणाले, "मी रिटायर झालो. हा निषेध चाकाचा आहे."

साहेब आधी हसले. मग सगळा कारखाना हसला. साहेबांनी बाबांना मिठी मारली आणि मोबाइल काढून चाकाचा फोटोही घेतला. परतताना आई तुर्भ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत हसत होती. मीही हसत होते, पण मला गिअर सापडेना, त्यामुळे गाडी बाबांनी चालवली.

माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांना मिळाले नाहीत तेवढे वाचक त्या चाकाला एका दुपारी मिळाले. पण बाबा अजून रोज सकाळी आईचा हातातला आरसा घेऊन चाकाशी बसतात आणि स्वतःचं पत्रक वाचतात. ते मला बघवत नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुर्भ्याच्या त्या गेटवर तुम्ही कधी लाल मथळ्याचं पत्रक घेतलं असेल, तर आजच घरातली जुनी कपाटं उघडा, गाद्या उचला, फायली झटका. एक प्रत सापडली तर आमच्याकडे आणून द्या. बदल्यात तुमच्या गाडीच्या चाकांचा रंग मी फुकट काढून देईन.

फक्त येताना प्लास्टिक घेऊन या.