गोमुखीतलं पिल्लू

ढुंढिराज भटजींचा आवाज कोणी ऐकला असेलच तर तो दुसऱ्याच्या आवाजाखाली. रामकुंडावर चाळीस वर्षं ते दशक्रियेला बसत. पण मुख्य आसन त्यांच्या थोरल्या चुलतभावाचं, ज्यांना सगळं कुंड बाळकाका म्हणे त्यांचं. बाळकाकांनी मंत्र उचलायचा आणि ढुंढिराजांनी तो खालून धरायचा, तापल्या पातेल्याला फडकं धरतात तसा. विधी आटोपला की यजमान बाळकाकांच्या पाया पडत आणि ढुंढिराजांना विचारत, "आमच्या चपला कुठं दिसल्या का हो?" आणि ढुंढिराजांनी त्या पाहिलेल्या असत.

स्वभावच तसा. रिक्षावाल्याने भलत्याच चौकात उतरवलं तर ते तिथे मुकाट्याने उतरत, आणि रिक्षा नजरेआड होईपर्यंत आपलं काम इथेच होतं अशा चेहऱ्याने उभे राहत.

अशा माणसाच्या गॅलरीत एका शनिवारी सकाळी मांजर व्यालं. पंचवटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत दर्भाची टोपली, त्या टोपलीत चार पिल्लं. दुपारी मांजरीने तीन पिल्लं मानेला धरून एकेक करून हलवली आणि चौथ्यासाठी ती परत आलीच नाही. ढुंढिराज दाराआडून पाहत राहिले. आपण दिसलो तर तिला संकोच वाटेल असं त्यांना वाटत होतं. पाच वाजता त्यांनी पिल्लाला हात लावला तेव्हा ते देवातल्या शाळिग्रामासारखं गार पडलं होतं. आकारानेही तेवढंच.

ते उपरण्यात गुंडाळून ते कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणजे वेदिका नावाची पोरसवदा मुलगी. तिने पिल्लू तळहातावर घेऊन चोळलं, ऊब दिली.

"आजोबा, गाईचं दूध अजिबात द्यायचं नाही. सोसत नाही त्याला."

ढुंढिराजांनी मागे वळून कोणी ऐकलं तर नाही ना ते पाहिलं. गाईचं दूध कोणाला बाधतं हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"ही पिल्लांची पावडर. कोमट पाण्यात कालवायची. दर दोन तासांनी. बिनसुईच्या सिरिंजने एकेक थेंब, घाई नाही. आणि पालथं धरून. उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जाईल आणि संपलं. पाजून झाल्यावर शू करवायची, ते त्याला आपलं आपण जमत नाही. आई चाटून करवते."

"चाटून?" ढुंढिराजांनी उपरण्याने ओठ पुसले.

"तुम्ही ओल्या कापसाने करवा, आजोबा."

"जगेल का?"

"आईवेगळी बरीचशी पहिल्या आठवड्यातच जातात. तीन आठवडे काढले तर जगेल म्हणायचं."

घरी येऊन त्यांनी पावडर कालवली. हात इतका थरथरत होता की पहिला थेंब पिल्लाच्या कानावर पडला. थेंब थेंब, न चुकता, न घाई करता द्यायचं असं त्यांच्या हाताला आयुष्यात एकच काम येत होतं. ढुंढिराजांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "तृप्यताम्." एक थेंब. "तृप्यताम्." दुसरा थेंब. "तृप्यताम्." तिसरा. हात जागच्या जागी स्थिर झाला.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको कुसुमताई भिंत धरत आल्या. "अहो, तर्पण काय करताय! जिवंत आहे ते!"

"मला दुसरं काही येत नाही गं," ढुंढिराज म्हणाले. आणि पिल्लू चुटूचुटू प्यायला लागलं.

आता प्रश्न उरला कामाचा. दर दोन तासांनी पाजायचं तर रामकुंडावर जायचं कसं? कुसुमताईंचे गुडघे उठू देत नव्हते आणि त्यांच्या हातून पिल्लू थेंबभर पीत नव्हतं, कारण त्यांना तृप्यताम् म्हणायची लाज वाटे. रजा मागणं ढुंढिराजांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यांनी बाळकाकांना शास्त्रार्थ विचारला.

"काका, घरात बाळंतपण झालंय. दहा दिवस सोयर धरून घरी बसावं का?"

"कोणाचं बाळंतपण?"

"मांजराचं."

बाळकाकांनी तपकिरीची डबी बंद केली. "गोत्र काय मांजराचं?"

"माहीत नाही. पण ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप धरतात," ढुंढिराज जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले.

"बरोबर. मग सोयर काश्यपांना. आपण वासिष्ठ. उद्या सात वाजता ये."

म्हणून पिल्लू गोमुखीत गेलं. गोमुखी म्हणजे जपाची पिशवी. आत हात घालून माळ ओढायची, बाहेरून कोणाला काही दिसत नाही. ढुंढिराजांनी माळ काढून ठेवली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायमोज्यात घातली आणि तिच्या कुशीत पिल्लू. वरून हात. गोमुखीत हात असलेल्या माणसाला जगात कोणी काही विचारत नाही, हा शोध त्यांना साठी उलटल्यावर लागला. कुंडावर बोलबाला झाला की ढुंढिराजांनी मोठं अनुष्ठान धरलंय. ते दर दोन तासांनी थर्मास घेऊन कपडे बदलायच्या खोलीमागे जात, तेही लोकांच्या नजरेत आलं.

"ढुंढ्या, साखर तपासून घे एकदा," बाळकाका म्हणाले.

असे आठ दिवस गेले. पिल्लाच्या दहाव्या दिवशी येवल्याकडची मंडळी आली. खंडेराव नावाचे सत्तरीचे शेतकरी वारले होते. मुलगा शेखर, खंडेरावांची बायको मालनबाई आणि टेम्पोभर भाऊबंद. विधी झाला, पिंड मांडले, आणि सगळे लांब होऊन कावळ्याची वाट पाहू लागले.

रामकुंडावरचे कावळे म्हणजे पंगतीवरून उठलेले जावई. हुंगून पाहीनात. अर्धा तास झाला, तास झाला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिली. शेखर हात जोडून एकेक कबूल करत सुटला.

"आप्पा, बोअर घेतो. आप्पा, ट्रॅक्टर इकत नाय. आप्पा, धाकल्याला वरचं वावर देतो, बास?"

कावळे ढिम्म. मालनबाई बाजूला गप्प बसून होती.

अकरा वाजले. ढुंढिराजांच्या तळहाताखाली वळवळ सुरू झाली. पाजायची वेळ झाली होती. तेवढ्यात बाळकाकांनी ठरवलं की पुन्हा एकदा तिलांजली देऊ. त्यांनी शेखरच्या ओंजळीत पाणी घातलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तृप्यताम्!"

"म्यँ," गोमुखी म्हणाली.

बाळकाकांना वाटलं आपल्याच घशातून काही आलं. ते खाकरले. "तृप्यताम्."

"म्यँ."

"तृ..."

"म्यँ! म्यँ!"

शेखर दगडावर गुडघे टेकून बसला. "आप्पा!"

"काढा भाईर," मालनबाई पहिल्यांदा बोलली.

ढुंढिराजांना खोटं बोलता येत नव्हतं आणि पळताही. त्यांनी पिल्लू बाहेर काढलं.

"कवाचं हाय हे?"

"आज दहावा दिवस. शनिवारचं. सकाळी सव्वानऊच्या सुमाराचं."

"आप्पा शनिवारीच गेले. नवाला," शेखर पुटपुटला.

"पंधरा मिनिटात येवल्याहून नाशिक?" मागून एका भाऊबंदाने शंका काढली.

"आता त्यांना एसटी कशाला लागती," दुसऱ्याने समजूत घातली.

मालनबाई पुढे येऊन पिल्लाकडे वाकून पाहू लागली. "मांजराचा लय तिटकारा व्हता यांना. दिसलं की पायानं लोटायचे." तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "आता कळंल."

"याची दुधाची वेळ झालीये," ढुंढिराज कसेबसे म्हणाले.

"द्या हिकडं. पंचेचाळीस वर्सं मीच घातलंय खायाला."

तिने हात पुढे केले आणि ढुंढिराजांनी, स्वभावाप्रमाणे, पिल्लू आणि सिरिंज दोन्ही तिच्या हातात दिली.

नेमका तेव्हाच कठड्यावरून एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाशी आला. मान तिरकी करून भाताकडे पाहू लागला. टेम्पोभर माणसांनी श्वास रोखला. बाळकाकांनी डोळ्यानेच सगळ्यांना दटावलं की कोणी हलू नका. मालनबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मांडी घातली, तान्ह्या लेकराला घेतात तसं पिल्लाला मांडीवर उताणं निजवलं आणि सिरिंज त्याच्या तोंडात धरली.

कावळ्याची चोच पिंडापासून चार बोटांवर होती. ढुंढिराजांना दोन्ही दिसत होतं.

"पालथं!" ते ओरडले. "पालथं धरा, बाई! मरेल ते!"

हा आवाज कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही. तो कुंडाच्या पायऱ्यांवरून गेला, पलीकडच्या काठावर आपटून परत आला. तिथल्या एका परक्या यजमानाने घाबरून हातातलं भरलेलं ताम्हन पालथं केलं. आणि रामकुंडावरचे झाडून सगळे कावळे एकदम उडाले.

"ढुंढ्या," बाळकाका क्षीण आवाजात म्हणाले, "काय केलंस हे?"

मालनबाईने पिल्लू पालथं केलं होतं. ते पीत होतं. तिने मान वर करून ढुंढिराजांकडे पाहिलं.

"तुमचं ओरडणं ऐकून हे गप गार झाले बघा. जन्मात यांच्या जवळपास कोणी आवाज चढवला नव्हता. सगळा यांनीच चढवायचा." मग बाळकाकांना म्हणाली, "गुरुजी, आता कावळ्याचं काय काम हाय? माणूसच आलंय न्हवं हितं. त्यांच्याच हातानं लावा."

कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करतात. बाळकाकांनी तो पिशवीतून काढूनही ठेवला होता. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्या पोथ्या मनातल्या मनात उलटल्या. मांजराविषयी एकही पोथी काही बोलत नव्हती. शेवटी त्यांनी हाताने 'लावा' अशी खूण केली. पिल्लाचा पंजा पिंडाला लागला, पंजाला भाताचं शीत चिकटलं, आणि सगळ्यांनी नमस्कार केला.

"मग त्या बोअरचं..." शेखरने हळूच विचारलं.

"ते तू कावळ्याला कबूल केलं व्हतं," भाऊबंद म्हणाला. "तो आला कुठं?"

मालनबाईने पिल्लू पदरात बांधलं. "चला. टेम्पो काढा."

ढुंढिराजांनी तो प्रवास डोळ्यापुढे आणला. दोन तासांचा टेम्पो. वारा. पोचल्यावर वाटीभर गाईचं दूध, कौतुकाने, घरातल्या प्रत्येकाच्या हातून. संध्याकाळी पिल्लू शाळिग्रामासारखं गार.

"सव्वा महिना हलवता येत नाही," ते म्हणाले.

"का बरं?"

"शास्त्र आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः शास्त्र केलं होतं. त्यांनी बाळकाकांकडे पाहिलं. बाळकाकांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली. मग ढुंढिराज चाळीस वर्षं बोलत तसल्या, खालच्या आवाजात त्यांनी साथ दिली, "आहे. आहे. सव्वा महिना."

तेव्हापासून दर सोमवारी येवल्याची एसटी ढुंढिराजांच्या घरी आप्पांचे भेटकरी आणू लागली. आप्पांना आवडायचं म्हणून पिठलं, बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी येई. ती ढुंढिराज आणि कुसुमताई खात. पिल्लाने डोळे उघडले त्या दिवशी कुसुमताईंनी फोन केला आणि शेखरने गावात सांगितलं, आप्पांनी डोळे उघडले. एकदा तो पिल्लासमोर मोबाइल धरून बसला. कांदाचाळीत भरलेल्या कांद्याचा फोटो होता.

"आप्पा, आता इकू का थांबू?"

पिल्लाने जांभई दिली.

"थांब म्हणत्यात," शेखर म्हणाला आणि निश्चिंत मनाने परत गेला.

मालनबाई मात्र एकटी बसायची. पिल्लाला समोर घेऊन हळू आवाजात बोलायची. कुसुमताई शहाण्यासारख्या स्वयंपाकघरात जात, पण फ्लॅट तो केवढा! "सटाण्याच्या लग्नात तुमी मला चारचौघात काय बोलला, आठवतंय? आठवा. हालू नका, आठवा जरा." असं तासभर चाले. मग ती त्याला पालथं धरून, न चुकता, दूध पाजायची.

सव्वा महिना भरत आला. पिल्लू ढुंढिराजांच्या धोतराला लोंबकळत जानव्यापर्यंत चढू लागलं. त्यांना आता गोमुखीत माळ घालून बसलं की हात रिकामा वाटे. पिल्लू जाणार या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. त्यांनी आणखी एक शास्त्र तयार ठेवलं, की चातुर्मासात मांजराला गावाची वेस ओलांडता येत नाही. ते त्यांनी न्हाणीघरात दोनतीनदा म्हणूनही पाहिलं.

न्यायच्या आदल्या दिवशी ते पिल्लाला दाखवून आणायला डॉक्टरकडे गेले.

"एकदम ठणठणीत, आजोबा! आणि मुलगी आहे हो ही."

ढुंढिराज खुर्चीत बसले. त्यांना पाणी का लागलं ते वेदिकाला कळलं नाही.

ठरल्या दिवशी शेखर गाडी घेऊन आला. मालनबाईच्या हातात नवी वेताची टोपली होती, तिच्यात खंडेरावांचं जुनं मऊ धोतर चौपदरी घातलेलं. ढुंढिराज उभे राहिले. चातुर्मासाचं शास्त्र ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. त्या धोतराकडे पाहून त्यांना ते बोलवेना.

"मालनबाई," ते म्हणाले, "हे पिल्लू मादी आहे."

"आप्पा?" शेखर दचकून म्हणाला.

मालनबाई खाली बसली. तिने पिल्लू मांडीवर घेतलं, त्याचं तोंड वर करून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. ढुंढिराजांना वाटलं ती आता रागावेल किंवा रडेल.

"बाई झाले व्हय तुमी," ती म्हणाली. मग तशीच, पिल्लावरची नजर न काढता, "शेखर, टोपली गाडीत ठिव. मोकळीच."

"आई, अगं न्यायला आलोय ना आपण?"

"आपल्या घरी बाई व्हऊन ऱ्हायाचं कसं ते मला ठावं हाय. यांना नाय जमायचं. दोन दिसात परत मरत्याल." तिने पिल्लू उचलून ढुंढिराजांच्या हातात दिलं. "हितंच ऱ्हाऊ द्या. बरी माणसं हायेत."

मग ती पंख्याखाली सरकून बसली आणि कुसुमताईंकडे चहा मागितला. साखर जरा जास्तच घाला म्हणाली.